मेंढरू मेलं तर 4,000 रुपये, उपाशी राहिलं तर?

आकडीवाला
पीक गेलं की पंचनामा होतो. गवत गेलं तर कोण येतं? आपत्ती मदतीच्या 2022-26 च्या निकषांत मेलेल्या मेंढरामागे 4,000 रुपये आहेत, तेही कुटुंबाला 30 पर्यंत. म्हणजे आधी मरायला पाहिजे! अमेरिकेत दुष्काळाने चराई बुडाली की पशुपालकाला थेट पैसे मिळतात. 2014 च्या शेती कायद्याने ती योजना कायमची झाली. दर आठवड्याला निघणाऱ्या दुष्काळ नकाशावर जिल्हा ठरावीक पातळीला गेला, की चाऱ्याच्या महिन्याच्या खर्चाच्या साधारण 60 टक्के धरून हप्ते निघतात. जनावर मरायची वाट बघत नाहीत. आपल्याकडे हे का नको?

खातेवही
कारण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. तिथे चराईची जमीन मालकीची किंवा भाडेपट्ट्याची असावी लागते. तुमच्या मेंढपाळाच्या नावावर काय आहे? गायरान गावाचं, रान वनखात्याचं, शेत दुसऱ्याचं. बुडालं ते नक्की कोणाचं? शिवाय तिथेही ओरड आहेच. केंद्राच्या जमिनीवर गाय-वासरामागे महिन्याला 1.35 डॉलर चराई, 2019 पासून 2025 पर्यंत तेवढीच. आधी स्वस्तात चारा, मग दुष्काळात मदत घ्या. असं असल्यावर कळप कमी कोण करेल?

आकडीवाला
कळप कमी करा म्हणणं सोपं आहे. दुष्काळात सगळेच एकदम बाजारात उतरतात आणि भाव पाडून घेतात. 2019 च्या मे महिन्यात मामाच्या खांडात, म्हणजे मेंढरांच्या कळपात होतो. दिवसभर आकडीच्या लांब काठीने बाभळीच्या शेंगा झोडायच्या, तेवढ्यावर 80 मेंढरं. वरून लोकर दाट दिसायची, हात घातला की बरगड्या लागायच्या. दोन कोकरं पिशवीत घालून चाललो होतो, आयांना दूधच नव्हतं. व्यापारी म्हणाला, "पाव्हणं, कातड्याचा भाव देतो."

पेंढीवाला
रोख नको, चारा द्या. पैसा हातात आला की लग्नाला जातो. आणि त्या वर्षी चारा छावण्या होत्याच की, मोठ्या जनावराला दिवसाला 100, लहानाला 50 रुपये.

खातेवही
@पेंढीवाला, छावण्यांचं नाव काढू नका. जनावरांना बारकोडचे बिल्ले का लावावे लागले? कागदावर दावणी भरलेल्या आणि प्रत्यक्षात रिकाम्या, अशा तक्रारी कमी नव्हत्या. त्यापेक्षा खात्यात पैसे बरे. एवढं मात्र मला पटतं.

कुसळी
छावणी दावणीला बांधलेल्या गाईची असते. मेंढरं घेऊन कोण तिथे बसणार? पण पैसे देऊन खांड त्याच माळावर ठेवलं तर कुसळी-पवना गवत मुळासकट जाईल. पहिल्या पावसानंतर निदान महिना-दीड महिना माळ मोकळा राहिला पाहिजे. पैसे द्या, पण मेंढरं माळाबाहेर काढायच्या अटीवर.

आकडीवाला
बाहेर म्हणजे कुठे, साहेब? वनखात्याचा रखवालदार हाकलतो, उसाच्या फडाजवळ गेलं तर मालक काठी घेऊन उभा.

वाड्यावरची
एक गोष्ट कुणीच काढली नाही. राज्याच्या मेंढपाळांसाठीच्या महामेष योजनेत चराई अनुदान आहे, महिन्याला 6,000 प्रमाणे 24,000. पण ते जून ते सप्टेंबरचं, म्हणजे शिवारात पिकं उभी असल्याने चरायला जागा नसते तेव्हाचं. किमान 20 मेंढ्या आणि एक नर असावा लागतो. आमची उपासमार मार्च ते मे. तो आकडा दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी उन्हाळ्याला जोडा, नवीन योजनाच नको. 2018 च्या ऑक्टोबरात 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, म्हणजे उन्हाळ्याआधी चार महिने सरकारला माहीत होतं.

खातेवही
हे जमण्यासारखं आहे. पण मेंढरं मोजायची कुठे? रेशनकार्ड एका तालुक्यात, खांड दुसऱ्या जिल्ह्यात.

वाड्यावरची
दिवाळीआधी मोजा, आम्ही घरीच असतो. लस टोचायला डॉक्टर येतो तेव्हा त्याला कुठली मेंढी कुणाची ते बरोबर कळतं.