भारताची महिला फुटबॉल टीम कधीकाळी आशियात दुसरी होती हे खरं आहे का?

मधली_फळी:
परवा (५ जुलै २०२५) थायलंडमधल्या चियांग माईला आपल्या पोरींनी थायलंडला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या एशियन कपला जागा पक्की झाली. तर सगळीकडे लिहून येतंय की महिला टीम क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, खेळून पहिल्यांदाच आत गेली. आणि आमच्या एका ग्रुपवर एक काका म्हणतायत कसलं पहिल्यांदा, ८० साली आणि ८३ साली आपण याच स्पर्धेची फायनल खेळलोय. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? आणि खरंच जर आशियात दुसरे होतो तर मग मधे झालं काय? माझा जन्म ९० नंतरचा, शाळेत असताना बायकांची इंडिया टीम असते हेच मला माहीत नव्हतं, क्रिकेटच्या पोरींचं निदान नाव तरी कानावर यायचं. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, नुसती लिंक डकवू नका प्लीज.

जुना_प्रेक्षक:
दोन्ही खरं आहे. तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

तेव्हा क्वालिफायर ही भानगडच नव्हती, ज्या देशाला टीम पाठवायचीय त्याने पाठवायची. २००३ ला थायलंडमध्ये आपण खेळलो तेही असंच, आणि २०२२ ला यजमान म्हणून थेट एंट्री. म्हणजे मैदानात चार मॅच खेळून, जिंकून, हक्काने आत जाणं हे खरोखर पहिल्यांदा झालंय.

आता जुनं. १९७५ ला महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन निघाली, एआयएफएफचा, म्हणजे देशाच्या मुख्य फुटबॉल फेडरेशनचा, तिच्याशी संबंध नाही. आशियातही बायकांची वेगळीच संघटना होती आणि ही स्पर्धा तीच भरवायची. १९८० ची स्पर्धा कोझिकोडला झाली, घरचं कार्य म्हणून आपण चक्क दोन टीम उतरवल्या, इंडिया एस आणि इंडिया एन. त्यातली एस फायनलला गेली आणि तैवानकडून २-० हरली. पुढच्या वर्षी हाँगकाँगला तिसरा नंबर. ८३ ला बँकॉकला परत फायनल आणि तिथे हरवलं कोणी तर थायलंडने, त्यामुळे परवाच्या मॅचला जुनी उधारी वसूल झाली असं म्हणायला हरकत नाही :)
त्याच साली शांती मलिकला अर्जुन पुरस्कार, फुटबॉलमध्ये बाईला मिळालेला पहिला. टीमचे कोच होते सुशील भट्टाचार्य, ईस्ट बंगालचेही जुने कोच. बंगालच्या मुली खूप असायच्या टीममध्ये. बाकी पुरुषांची टीम तेव्हा काय दिवे लावत होती ते सोडून देऊ.

लेफ्ट_आउट_लता:
काकांचा मान ठेवून सांगते, ते 'सुवर्णकाळ' वगैरे जरा बेताने घ्या. ८० आणि ८३ ला समोर कोण नव्हतं ते बघा की. चीन या स्पर्धेत आला ८६ ला, आला तो जिंकूनच गेला. जपानची महिला टीम पहिली मॅचच मुळी ८१ ला हाँगकाँगला खेळली. दक्षिण कोरियाने टीम काढली ९० च्या बीजिंग एशियाडसाठी. म्हणजे आज आशियात जे दादा आहेत त्यातले बरेच तेव्हा जन्मायचेच होते. मेडल खोटं नाहीये, पण 'आपण जपानच्या पुढे होतो' असं जे फॉरवर्ड फिरतंय ते वाचून हसू येतं.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू का, आपण लवकर सुरू केलं होतं आणि ती आघाडी फुकट घालवली. ९० ला एशियाडमध्ये महिला फुटबॉल आलं, ९१ ला चीनमध्ये पहिला वर्ल्ड कप झाला, म्हणजे नेमकं जेव्हा बाकीच्यांनी पैसा लावायला सुरुवात केली तेव्हा आपल्याकडे जुनी फेडरेशन जाऊन कारभार एआयएफएफकडे आला आणि ही टीम कोपऱ्यात गेली ती गेलीच. स्पर्धा जवळ आली की कॅम्प, स्पर्धा संपली की सगळ्या आपापल्या घरी. २००३ ला चीनकडून १२-० खाल्ले. आणि २००९ ला तर फिफाच्या रँकिंगमधून नावच उडालं, का माहितीये? हरलो म्हणून नाही, दीड वर्ष एकही मॅच खेळलो नाही म्हणून!! हरायला तरी मैदानात उतरावं लागतं ना.

मडगावकार:
लताताईंचं पटलं, फक्त ९० नंतर अंधारच होता असं नको, अंधारात खेळणाऱ्या बायका होत्या. मणिपूरची ओइनाम बेमबेम देवी ९५ मध्ये इंडियासाठी पहिली मॅच खेळली आणि पुढे वीसेक वर्षं खेळत राहिली. तिला अर्जुन कधी मिळाला तर २०१७ ला, म्हणजे शांती मलिकनंतर ३४ वर्षांनी दुसरी बाई. २०२० ला पद्मश्री. मणिपूरने नॅशनल्स किती वेळा मारल्यात बघा, वीसच्या वर. तिकडे आई-बायका स्वतः पुढे होऊन मुलींना खेळायला पाठवतात असं ऐकलंय, आमच्याकडे चर्चच्या मैदानावर मुलगे संध्याकाळभर आणि मुली फीस्टच्या टूर्नामेंटपुरत्या.

तरी गोव्याचं खातं अगदी रिकामं नाही हां. कोझिकोडच्या काळातली योलांडा डिसोझा आमचीच. आणि मेमोल रॉकी, सिनियर टीमची पहिली बाई हेड कोच, तीसुद्धा गोव्याची. २०१९ ला बिराटनगरला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा कप, जिंकलं ते तिच्या हाताखाली.

मधली_फळी:
जबरदस्त माहिती, थँक्यू सगळ्यांना. सॅफचा विषय निघालाच आहे तर, तिथे तर आपण कायम जिंकायचो ना? मग आता बांगलादेश कसा काय पुढे गेला?

लेफ्ट_आउट_लता:
जिंकायचोच. २०१० कॉक्स बझार, मग कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, बिराटनगर, ओळीने पाच. आणि त्याच पाच कपांनी सगळ्यांना झोपवलं असं माझं मत, शेजाऱ्यांना हरवून आलं की हारतुरे आणि विषय संपला. बांगलादेशने तेवढ्यात लहान मुली धरून त्यांना वर्षानुवर्षं एकत्र ठेवलं. २०२२ ला काठमांडूत त्यांनी आपल्याला ३-० ने धुतलं, सेमीला नेपाळनेही हरवलं. २०२४ ला परत नेपाळकडून सेमीत पेनल्टीवर बाहेर. दोन्ही वेळा कप बांगलादेशचा.

पेठेतली_पोरगी:
कोल्हापूरची आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्यात फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला नको, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की निम्मं गाव शाहू स्टेडियमला आणि उरलेलं मोबाईलला. पण ती सगळी पोरांची गोष्ट. मी शाळेत असताना सरांनी सरळ सांगितलेलं की मुलींची टीम होत नाही, खो-खोत नाव घाल. मी घातलं पण, काय करणार. तर एफसी कोल्हापूर सिटी मुलींच्या नॅशनल लीगमध्ये उतरली तेव्हा मला काय वाटलं असेल बघा. मुंबईचे केंकरे आणि पिफा कुलाबा हे क्लब पण खेळून गेले त्या लीगमध्ये. पण एक-दोन सीझन दिसतात आणि गायब होतात राव, पैसा कुठनं आणायचा दरवर्षी, पोरांच्या मॅचला बक्षिसं लावणारे ढीगभर आहेत.

आणि २०२२ चं कोणी काढलंच नाही अजून. आख्खा एशियन कप महाराष्ट्रात होता की, नवी मुंबई, अंधेरी, बालेवाडी. पहिली मॅच डी वाय पाटीलला इराणशी ०-०, किती चान्स घालवले त्यात. दुसऱ्या मॅचच्या दिवशी कॅम्पमध्ये डझनभर कोरोना पॉझिटिव्ह, तैवानसमोर उतरवायला १३ जणी पण उरल्या नाहीत आणि नियम म्हणून टीम स्पर्धेतूनच बाद. घरच्या मैदानावर. वर्ल्ड कपचा रस्ता त्याच स्पर्धेतून जात होता. मी त्या रात्री जेवले नाही खरंच.

जुना_प्रेक्षक:
२०२२ हे सालच तसलं. ऑगस्टला फिफाने एआयएफएफवर बंदी घातली, दहा दिवसांनी उठवली, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेला ताश्कंदला पोचल्या होत्या आणि न खेळता परत आल्या. ऑफिसात कोणाचं काय चुकलं आणि निस्तरलं कोणी.
मग ऑक्टोबरला अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडे, पहिल्याच मॅचला अमेरिकेकडून ८-०.

कट्ट्यावरचा_कोच:
सगळं रडगाणंच चाललंय, मी जरा दुसरी बाजू मांडतो. बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, गोल पण मारला तिथे. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीग खेळली, तिच्याआधी कोणीच भारतीय नाही. आणि त्याआधी २०२१ ला मनाउसला ब्राझीलविरुद्ध तिने मारलेला गोल बघाच, हरलो ६-१ पण समोर त्यांच्या फॉर्मिगाची निरोपाची मॅच, भरलेलं वातावरण, आणि ही पोरगी एकटी बॉल घेऊन पळतीये.

लीगचं पण बघा. २०१७ ला पहिला सीझन झाला तेव्हा फायनल राउंडला सहा टीम, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, अडीच आठवड्यात खेळ खल्लास, त्याला लीग म्हणणं धाडसाचंच. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला निदान होम-अवे झाली, काही महिने मुलींना खेळायला मिळालं. टीम अजूनही कमीच आहेत. पण परवाच्या क्वालिफायरमध्ये मंगोलिया १३-०, तिमोर ४-०, इराक ५-०, आणि मग थायलंड, जे २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळून आलेत, त्यांच्या घरात जाऊन २-१. चार मॅचमध्ये एकच गोल खाल्ला. कोच क्रिस्पिन छेत्रींचं कौतुक करायला हवं, सगळं श्रेय परदेशी कोचनाच कशाला.

मधली_फळी:
म्हणजे आता ऑस्ट्रेलियात नीट खेळलो तर वर्ल्ड कप?

कट्ट्यावरचा_कोच:
हो, पहिल्या सहा टीम थेट २०२७ च्या ब्राझील वर्ल्ड कपला. जपान, चीन, दोन्ही कोरिया, ऑस्ट्रेलिया धरा, पाच झाल्या. सहावीसाठी मारामारी. क्वार्टर फायनल गाठली तरी मी पेढे वाटीन, पण त्यासाठी मार्चपर्यंत मोठ्या टीमशी मॅच लावल्या पाहिजेत, नुसता कॅम्प काय कामाचा.

लेफ्ट_आउट_लता:
मॅच लावल्या की इथे टाका, वेळ आणि चॅनल दोन्ही. परवाची मॅच कुठे दिसतेय हे शोधण्यात माझा पहिला गोल हुकला.