केबिन फिल्टर बदलला, तरी एसीला कुबट वास

डॅशबोर्डचा कप्पा काढून गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर काल स्वतःच बदलला. जुन्यात सुकलेली पानं, पिसं आणि एक मेलेली माशी! नवीन बसवायला जेमतेम दहा मिनिटं लागली, पण कप्प्याची बारीक दोरी परत अडकवताना अर्धा तास गेला. हवेचा जोर आता मस्त आहे, पण एसी लावला की पहिले दोन मिनिटं ओल्या फडक्यासारखा वास येतो. फिल्टरवरच्या बाणाकडे मी बघितलंच नव्हतं. उलटा बसला असेल का?

— बाण हवेच्या दिशेने हवा. पंखा फिल्टरच्या खाली असेल तर बाणही खाली. पण उलटा बसला म्हणून असा वास येत नाही. तो हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलवरच्या ओलीचा. उतरायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करा, पंखा चालू ठेवा. कॉइल सुकते.

— एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं का ते बघा. नसेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते. आणि जुना फिल्टर धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका, कागद लगदा होतो. मी केलंय.

— बाण उलटाच होता! फिरवला. खाली पाण्याचा थेंब नाही, म्हणजे नळीच. आता परत ती दोरी...