३४३ दिवस भरले, चीक गळतोय, घोडी अजून व्याली नाही. रात्री नेमकं काय बघायचं?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. मारवाडी घोडी, वय ८, दुसरं वेत. मागच्या वर्षी २८ मे ते ३ जून या काळात तीनदा घोडा दाखवला. म्हणजे शेवटच्या तारखेपासून आज ३४३ दिवस, पहिल्यापासून धरले तर ३४९.

कास वीसेक दिवसांपासून भरतेय. आधी सकाळी टणक असायची आणि फिरवून आणली की सैल पडायची. आता चार दिवस झाले, दिवसभर टणकच. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत. परवा दोन्ही सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळे थेंब होते, काल गळून गेले. आज सकाळी मागच्या पायांवर आतून दुधाचे वाळलेले ओघळ दिसले. खाणंपिणं, लीद, सगळं व्यवस्थित. धनुर्वाताची लस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली आहे.

दिवस वर जाणं धोक्याचं आहे का? शेजारचे म्हणतात इंजेक्शन देऊन मोकळी करा. चीक असा गळत राहिला तर शिंगराला काय उरणार? आणि शेडमध्ये दुपारी ४४ अंश असतात, कूलर लावलाय, खाली सोयाबीनचं कुटार आहे. ते चालेल ना? आमच्याकडचा माणूस पाव किलो तूप पाजायचं म्हणतोय, सुटका सोपी होते म्हणे.

कळमेश्वरवाला

दादा, दिवस शेवटच्या तारखेपासून धरा आणि त्यावर फार विसंबू नका. गाय तारखेच्या आसपास विते, घोडीचं तसं नाही. सरासरी ३४० धरतात, पण ३२० ते ३६५ मध्ये कधीही व्याली तरी ते नेहमीचंच. एकच घोडी एका वेताला ३३४ व्या दिवशी आणि पुढच्याला ३५२ व्या दिवशी विऊ शकते. ३४३ म्हणजे काही उशीर नाही.

इंजेक्शन नको. शिंगराची शेवटची तयारी, विशेषतः फुफ्फुसांची, अगदी अखेरच्या दिवसांत होते आणि कळा सुरू होण्याचा इशाराही शिंगराकडूनच येतो. ऑक्सिटोसिन दिलं की घोडी तासा-दीड तासात विते हे खरं, पण आत शिंगरू कच्चं असेल तर ते उभं राहत नाही, चोखत नाही, आणि मग पुढचे आठ दिवस सलाइन आणि नळी. दिवस भरलेत, कासेत खरा चीक आहे, गर्भाशयाचं तोंड सैल झालंय, हे तिन्ही डॉक्टरांनी हात घालून आणि तपासून ठरवल्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही.

त्यापेक्षा दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजा. लॅबचं सामान मिळतं त्या दुकानात ६ ते ७.७ अशा छोट्या टप्प्यांच्या पट्ट्या मागा. शाळेतला लाल-निळा लिटमस किंवा १ ते १४ ची पट्टी इथे कामाची नाही, कारण आपल्याला दशांशातला फरक बघायचा आहे. रोज संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान, हात धुऊन कोरडे करून, दोन्ही सडांचे मिळून एक-दोन मिली दूध काढा, बस. पट्टी बुडवा, डब्यावर लिहिलेल्या वेळेला रंग वाचा. ७ च्या वर असेल तर पुढच्या २४ तासांत विण्याची शक्यता फार कमी, निवांत झोपा. ६.४ किंवा त्याखाली आला की ती रात्र किंवा पुढची. वरून खाली घसरणं महत्त्वाचं आहे, एकाच दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही. घसरायला लागला की सकाळ-संध्याकाळ बघा. काही घोड्या, खासकरून पहिलटकरणी, मेण न धरता, पीएचचा नीट अंदाज न देता वितात, म्हणून पट्टी चांगली आली तरी रात्रीची एक फेरी सोडायची नाही.

दूध डोळ्यांनीही कळतं. आधी पाणीदार पिवळसर, मग राखाडी गढूळ, आणि शेवटी पांढरं, दोन बोटांत धरलं तर मधासारखं चिकट.

चिकाचं म्हणाल तर थेंब थेंब गळतोय की धार लागलीय, यावर आहे. ओघळ वाळण्याइतकंच असेल तर फार काही गेलेलं नाही. धार लागली तर मात्र ते स्वच्छ बाटलीत धरा आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा, कारण घोडी चीक एकदाच बनवते, गेला की नवीन येत नाही, नुसतं दूध येतं. आपल्या भागात एक सोय आहे: संत्र्याची गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर बागायतदारांकडे असतो, तोच चिकाला चालतो. काचेवर एक थेंब. २३ च्या वर असेल तर चांगला, २० च्या खाली आला तर दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक आधीच शोधून ठेवा. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवा, ४० अंशांच्या वर नाही. मायक्रोवेव्हमध्ये घातला तर त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं शिजतात आणि शिंगराला पाजून उपयोग शून्य.

जुना_मोतद्दार

भाऊ, तूप पाजू नका. नळीनं किंवा बाटलीनं ओतलेलं तूप श्वासनळीत उतरलं तं घोडीले न्यूमोनिया होते, अन् तो साधा नसते, तुपाचा थर फुफ्फुसातून निघत नाही. सुटका सोपी होण्याशी त्याचा संबंधच नाही. तूप पोटात जाते, गर्भाशयात नाही.

कुटार काढून टाका. सोयाबीनच्या कुटारात शेंगांची टोकं अन् धूळ असते, अन् तुकडे बारीक. ओलं शिंगरू खाली पडलं का ते सगळं नाकाले, डोळ्याले अन् बेंबीले चिकटते. लाकडाचा भुसा त्याहून वाईट. भंडाऱ्याकडचं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, मिळाले पायजे, लांब अन् कोरडं. मुठीत धरून वास घ्या. बुरशीचा दर्प आला तं ती पेंढी परत. आधी फरशी धुऊन पुरी वाळू द्या, मग आठ इंच जाड अंथरा, भिंतीकडे अजून थोडं चढवा.

जागा १२ बाय १२ फुटापेक्षा कमी नको, १४ असली तं उत्तम. बादली, खिळा, तार, दोरी, काही ठेवू नका. कोपऱ्यात मागचे पुठ्ठे भिंतीले टेकवून घोडी बसली अन् कळा चालू असल्या तं शिंगरू निघाले जागाच राहत नाही, भिंतीवर आपटते. असं बसलेली दिसली का उठवा, फिरून दुसरीकडे बसू द्या.

कूलर चालते, पण झोत आडवा, भिंतीकडे वळवलेला ठेवा. ओल्या शिंगरावर थेट झोत नको. वाळ्याच्या तट्ट्या लावल्या तं दुपारी फरक पडते, फक्त तणीस ओलं होऊन राहिलं का ते पहा. पाणी दिवसाले ४०-५० लिटर तं ठेवाच, व्याल्यावर त्याहून जास्त पिते. अन् दाराले खालून जाळी मारा. वारेच्या, म्हणजे जाराच्या, वासानं मोकाट कुत्री येतात.

तबेल्याची_ताई

भाऊंनी जागेचं सांगितलं, मी रात्रीचं सांगते. घोड्या बहुतेक रात्री १० ते पहाटे ४-५ या वेळेत वितात, आणि माणसं आसपास वावरत असली तर तेवढा वेळ थांबवूनही धरतात. म्हणून तिच्याजवळ खाट टाकून बसू नका. मोबाइलवर दिसणारा साधा कॅमेरा लावा आणि लांब बसा.

पहिला टप्पा एक ते चार तासांचा. घोडी येरझारा घालते, कुशीकडे वळून बघते, खूर आपटते, बसते-उठते, थोडी थोडी लीद टाकते, मानेला आणि काखेत घाम येतो. पोटशुळासारखंच दिसतं; फरक एवढा की मधेच शांतपणे चारा खाते. शेपटीला स्वच्छ सुती पट्टी सैल गुंडाळा, मागचा भाग आणि कास कोमट पाण्याने धुऊन पुसा.

मग पाणमोट फुटते, भसकन बादलीभर पाणी. त्या क्षणी घड्याळ बघा आणि वेळ भिंतीवर लिहा. इथून शिंगरू बाहेर यायला २० ते ३० मिनिटं. गायीला दोन तास लागले तरी चालतात, घोडीला नाही. तिच्या कळा जोरदार असतात आणि वार लवकर सुटायला लागते, म्हणून अडकलेल्या शिंगराचा प्राणवायू लवकर तुटतो. पाच-सात मिनिटांत पांढुरका-निळसर, ओलसर चमकणारा पडदा दिसायला हवा. त्याच्या आत पहिलं खूर, दुसरं त्याच्या चार बोटं मागे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. खुराच्या तळाशी मऊ, पिवळट झालर असते, ओल्या मशरूमच्या खालच्या बाजूसारखी. ती असायलाच हवी, आईला आतून इजा होऊ नये म्हणून. एक पाय असा थोडा मागे असणंही बरोबर आहे: एक खांदा आधी निघाला की रुंदी कमी होते. दोन्ही खुरं अगदी समान रेषेत येऊन अडली तर बहुधा कोपर अडकलेलं असतं.

खुरांचे तळवे जमिनीकडे हवेत. तळवे वर दिसले तर शिंगरू उलटं आहे किंवा मागचे पाय आधी येतायत. एकच पाय, किंवा पाय आहेत पण नाक नाही, किंवा पाणमोट फुटून १०-१५ मिनिटं कळा चालू आणि काहीच पुढे नाही, यातलं काहीही झालं की घोडीला उठवून चालवत ठेवा. चालताना कळांचा जोर कमी होतो, शिंगरू थोडं आत सरकतं आणि डॉक्टरांना वळवायला जागा मिळते. बसल्या घोडीचं शिंगरू चार जणांनी ओढू नका. ओढायची वेळ आलीच तर फक्त कळेबरोबर, घोडीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने, खाली. सरळ मागे नाही.

एका गोष्टीत डॉक्टरांची वाट बघायची नाही. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल, मखमलीसारखं काही बाहेर आलं, तर ती वार आहे, वेळेआधी सुटलेली. आत शिंगराचा श्वास तुटतोय. कात्रीने ती लगेच कापा, आतला पांढरा पडदा फाडा, पाय धरा आणि कळेबरोबर बाहेर काढा. कात्री त्यासाठी खिशात हवी, घरात नाही.

शिंगरू आलं की नाकावरचा पडदा काढा आणि बाहेर व्हा. घोडी पडून असेल तर पडू द्या. नाळ कापायची नाही. घोडी उठली किंवा शिंगरू धडपडलं की ती पोटापासून दोन-तीन बोटांवर आपोआप तुटते. बेंबी ०.५ टक्का क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवा. २ टक्क्यांचं द्रावण असेल तर १ भाग औषध, ३ भाग उकळून गार केलेलं पाणी. छोट्या कपात घेऊन कप पोटाला टेकवायचा, दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस. कडक टिंक्चर आयोडिन लावलं तर कातडी भाजते आणि मग तिथूनच जंतू जातात.

पुढे तीन आकडे. एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत चोखलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. तीन तासांत चोखलं नाही तर चीक काढून नळीने पाजायला डॉक्टर हवा. पहिल्या सहा तासांत एक-दीड लिटर पोटात जायला हवा, कारण आतड्यातून प्रतिकारशक्ती शोषायची सोय चोवीस तासांत बंद होते. १८ ते २४ तासांनी शिंगराचं रक्त तपासून आयजीजी (चिकातून आलेली रोगप्रतिकारक प्रथिनं) बघा, ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं. ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव) द्यावा लागतो. पहिली काळी, डांबरासारखी विष्ठा बारा तासांत निघाली पाहिजे. शेपूट वर करून नुसतंच कुंथत असेल तर डॉक्टरांना विचारून एनिमा.

हिंगणा_रोड

खूप आभार. तणीस उद्या येतंय, कुटार काढायला घेतलं. पट्ट्या मिळाल्या, आज संध्याकाळी ६ ला पीएच ६.८. ताई, वार तीन तासांत पडली नाही तर सकाळपर्यंत थांबू का? आमच्या गायींची तर दुसऱ्या दिवशीपर्यंत लटकते.

तबेल्याची_ताई

नाही. घोडीची वार अडकली की गर्भाशयात जंतू वाढतात, विष रक्तात जातं आणि ते खुरांत उतरून घोडी कायमची लंगडी होऊ शकते. तीन तास झाले की फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. तोवर लटकलेला भाग गुडघ्याच्या वर गाठ मारून ठेवा म्हणजे पायाखाली येणार नाही. ओढायचं नाही, विटा-दगड बांधायचे नाहीत. गर्भाशय उलटं बाहेर येतं किंवा आत तुकडा राहतो.

पडल्यावर बादलीत ठेवा, फेकू नका. ओल्या फरशीवर पसरली की दोन शिंगं असलेल्या पायजम्यासारखी दिसते. दोन्ही शिंगांची टोकं शाबूत आहेत का ते बघा. जे शिंग रिकामं होतं, म्हणजे ज्यात शिंगरू नव्हतं, त्याचंच टोक जास्त वेळा आत राहतं. डॉक्टरांनी बघितल्यावर चार फूट खोल पुरा.

कळमेश्वरवाला

६.८ म्हणजे आज बहुतेक नाही, पण दोन तासांनी एकदा कॅमेरा बघाच. उद्या सकाळी ६.६ च्या खाली आली तर उद्याची रात्र तुमची.

डॉक्टरांचं आजच ठरवा. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन लागतो, पण पाणमोट फुटल्यावर हिंगण्यापर्यंत कुणालाच वीस मिनिटांत पोचता येणार नाही. ज्यांना बोलावणार त्यांना आत्ताच सांगून ठेवा की घोडी आहे, गाय नव्हे, आणि लांब हातमोजे, ऑक्सिटोसिन गाडीत ठेवा. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रात्री कोण असतं तेही दिवसा विचारून घ्या. घोडी नेता येईल अशी गाडी आणि ड्रायव्हरचा नंबर, दोन्ही आज रात्री लिहून दारावर लावा.

जुना_मोतद्दार

अन् शेडमधला मोठा बल्ब काढून पिवळा छोटा लावा, कॅमेऱ्याले तेवढा पुरते. इन्व्हर्टर चार्ज आहे का तेही पहा, मे महिन्यात रात्री लाइट जाते.