बॅजरच्या केसांचा दाढीचा ब्रश: मऊपणा कशावरून ओळखावा?

तापीकाठ (भुसावळ):

नमस्कार. आजवर मी नायलॉनचा साधा ब्रश आणि ट्यूबमधील क्रीम यांवरच दाढी करीत आलो आहे. माझे केस राठ आहेत, परंतु हनुवटीखालची त्वचा नाजूक असल्यामुळे ब्रश थोडा जोराने फिरवला की तेथे लाली येते आणि आपल्याकडच्या वैशाखात घाम लागून ती दिवसभर चुरचुरत राहते. भाचा जर्मनीत नोकरीला असून दिवाळीस घरी येणार आहे. त्याच्याकडून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा एक चांगला ब्रश मागवावा आणि सोबत साबणाची वडीही वापरून पाहावी, असा विचार आहे.

अडचण अशी की संकेतस्थळांवर ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ अशा श्रेणी दिसतात आणि प्रत्येकीच्या वर्णनात ‘अत्यंत मऊ’ असेच लिहिलेले असते. भुसावळ-जळगावच्या दुकानांत असे ब्रश हाताळून पाहायला मिळत नाहीत. सर्वांत महाग तोच सर्वांत मऊ, असे समजून चालावे काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अमळनेरकर:

तापीकाठ भाऊ, या श्रेणी कोणत्याही सर्वमान्य मानकाने ठरलेल्या नाहीत. प्रत्येक उत्पादक आपल्या मालाची प्रतवारी स्वतःच करतो, त्यामुळे एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’पेक्षा मऊ निघणे अगदी शक्य आहे. ढोबळमानाने ‘प्युअर’ म्हणजे गडद, जाडसर केस आणि ‘सिल्व्हरटिप’ म्हणजे बारीक, टोकाशी नैसर्गिकरीत्या पांढरे असलेले केस एवढे धरून चालता येते. पण नुसत्या पांढऱ्या टोकांवर भुलू नये, कारण हलक्या प्रतीच्या केसांची टोके ब्लीच करूनही तसा रंग आणला जातो.

ब्रश मऊ लागतो की नाही, हे माझ्या मते तीन निराळ्या गोष्टींवर ठरते आणि विक्रेते त्या तिन्ही एकत्र कालवून सांगतात. पहिली गोष्ट टोकांची. बॅजरचा केस मध्यभागी जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. चांगला कारागीर केसांचा झुपका साच्यात बसवून त्याला घुमटाचा किंवा पंख्याचा आकार देतो आणि टोकांना कात्री लावत नाही. स्वस्त ब्रशात मात्र झुपका वरून कापून सारखा केलेला असतो. अशी बोथट टोके गालावर टोचतात आणि हा दोष कितीही वापरले तरी पूर्णपणे जात नाही. तुमच्या त्वचेच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट ताठपणाची, म्हणजे ब्रश गालावर दाबला असता तो किती सहज पसरतो आणि किती लवकर पुन्हा उभा राहतो याची. ती बरीचशी झुपक्याच्या मापांवर अवलंबून असते. झुपक्याचा व्यास २४ मिलिमीटर आणि मुठीच्या वर दिसणाऱ्या केसांची उंची ५२ मिलिमीटर असेल तर ब्रश लवचीक लागतो. तेच केस ४६ मिलिमीटरवर बसवले तर तोच ब्रश कणखर वाटू लागतो. तिसरी गोष्ट घनतेची. केस दाट असतील तर ब्रश पाणी अधिक धरतो आणि गालावर भरीव लागतो, मात्र फार दाट ब्रश फेस पोटातच ठेवतो आणि तो बाहेर येण्यासाठी पिळावा लागतो.

आता यातली गोम अशी की टोके अतिशय मऊ पण अंगाने लुळा असलेला ब्रश साबणाच्या कडक वडीवर नुसताच लोळतो आणि पुरेसा साबण उचलत नाही. मग आपण तो अधिक दाबून फिरवतो आणि मऊ ब्रश घेऊनही त्वचा शेवटी घासली जातेच. म्हणून टोके मऊ आणि मूळ ताठ, असा मेळ साधणारा ब्रश शोधावा. दोन पट्ट्यांचा, म्हणजे मुळाशी गडद आणि वर पांढरा असलेला झुपका सहसा अधिक ताठ असतो. फिकट, गडद आणि पुन्हा फिकट अशा तीन पट्ट्यांचा झुपका बहुधा अधिक लवचीक असतो. केवळ क्रीम वापरणार असाल तर लवचीक ब्रश उत्तम. वडी वापरायची असेल तर दोन पट्ट्यांकडे वळावे.

पांझराकाठ (धुळे):

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण पाण्याचा विचार राहून गेला. आपल्याकडे ज्या घरी कूपनलिकेचे पाणी येते तेथे बादलीवर आणि नळावर पांढरा थर चढतो. त्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. त्यामुळे फेस पातळ येतो आणि तोच साका केसांत अडकून ब्रश काही काळाने चरचरीत लागू लागतो. लोक म्हणतात की ब्रश खराब निघाला. वास्तविक तो मळलेला असतो. ब्रश भिजवायला आणि फेस करायला पिण्याचे आरओचे वाटीभर पाणी घ्यावे, आणि अधूनमधून व्हिनेगर मिसळलेल्या कोमट पाण्यात तो काही मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावा. मऊपणा बराच परत येतो. उकळते पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण त्याने केस ठिसूळ होतात आणि मुठीतील डिंकही सैल होऊ शकतो.

मुक्ताईनगरकर:

विषय मऊपणाचाच आहे, तेव्हा त्या अंगानेच लिहितो. आमचे घर माळकरी असल्याने प्राण्याच्या केसांचा ब्रश घरात येत नाही. बॅजरचे केस मुख्यतः चीनमधून येतात आणि ते जिवंत प्राण्याचे कातरून घेतलेले नसतात. २०१८ साली तेथील बॅजरपालनाचे चित्रण पेटा या संस्थेने प्रसिद्ध केल्यानंतर काही कंपन्यांनी हे केस वापरणे सोडले. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बेकायदेशीर आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. दाढीच्या ब्रशाबाबत मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तापीकाठ यांचा जुना नायलॉनचा ब्रश टोचत असेल, पण त्यावरून आजच्या कृत्रिम तंतूंची पारख करू नये. निमुळत्या टोकांचे नवे तंतू गालाला विलक्षण मऊ लागतात, ते भिजवत ठेवावे लागत नाहीत आणि लवकर वाळतात. ते बॅजरइतके पाणी धरत नाहीत, हे खरे आहे; त्यामुळे फेस करताना पाणी थेंबाथेंबाने वाढवावे लागते.

तापीकाठ (भुसावळ):

सर्वांचे आभार. मुक्ताईनगरकरांचा मुद्दा घरात बोलून पाहीन. बॅजरच घ्यायचे ठरले तर भाच्याने दुकानात कोरडा ब्रश हातावर फिरवून निवड करावी काय? आणि नव्या ब्रशाला जनावराचा वास येतो असे वाचले, त्यावर उपाय कोणता?

अमळनेरकर:

कोरड्या ब्रशावरून फक्त एक गोष्ट नक्की कळते: टोके कापलेली आहेत की नाही. तळहाताच्या मागील बाजूस ब्रश सरळ उभा टेकवून हलकेच दाबावा. टोचल्यासारखे वाटले तर तो तेथेच ठेवून द्यावा. बाकी गुण पाण्याशिवाय उमगत नाहीत, कारण भिजल्यावर केस मऊ पडतात आणि कोरडेपणी ताठ वाटलेला ब्रश गालावर सौम्य निघू शकतो. म्हणून भाच्याला श्रेणीचे नाव सांगण्यापेक्षा मापे सांगा. २४ मिलिमीटर व्यास, सुमारे ५० मिलिमीटर उंची आणि घुमटाकार झुपका ही मापे तुमच्या राठ दाढीला आणि नाजूक गळ्याला दोन्हीकडे चालतील. सिल्व्हरटिपसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही.

वासाचे म्हणाल तर सौम्य शाम्पूने धुऊन, साबणाचा दाट फेस करून तो रात्रभर ब्रशातच राहू द्यावा आणि सकाळी धुवावा; दोन-तीनदा असे केले की वास ओसरतो. सुरुवातीला काही केस गळतात, त्याची चिंता नसावी. ओघात सांगतो, पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश बॅजर म्हणून खपवले गेले आणि त्यांतून अनेकांना अँथ्रॅक्सची लागण झाली होती. तेव्हा नाव माहीत नसलेल्या विक्रेत्याचा अतिस्वस्त ‘बॅजर’ टाळलेलाच बरा.

फेस करताना ब्रश गोल-गोल दाबून फिरवण्याऐवजी, विशेषतः हनुवटीखाली, रंगाऱ्यासारखा वर-खाली ओढावा. दाढी झाल्यावर ब्रश धुऊन झटकावा, पंचावर हलकेच पुसावा आणि मोकळ्या हवेत पण सावलीत ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात खिडकीतल्या उन्हाने केस लवकर रखरखीत होतात, आणि श्रावणात बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या ब्रशाला बुरशीचा वास धरतो.