दोन वेगळे बोर्ड, पण बारा शब्द तेच! हार्डवेअर वॉलेट बनवायलोय, कुठं चुकलं?

वायंडिंगवाला, परभणी

रामराम मंडळी. जिंतूर रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. २०२४च्या जुलैत बिटकॉइनसारखी नाणी घ्यायच्या-विकायच्या एका एक्सचेंजवर मोठी चोरी झाली, त्यात धाकट्या भावाचे ६५ हजार अडकले. सोयाबीनचे होते. तेव्हापासून डोक्यात बसलं की चावी आपल्याच हातात पाहिजे. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची खासगी चावी सांभाळणारं बारकं यंत्र, बाजारात मिळतं, माहीत आहे. पण हात शिवशिवतात, म्हणून स्वतःच बनवायलोय.

सामान असं: पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेले दोन ब्लू पिल बोर्ड, म्हणजे एसटीएम-३२ एफ-१०३ मायक्रोकंट्रोलरचे. बारकी ओएलईडी स्क्रीन, दोन बटनं, कोड अर्डुइनोमधून. चालू केलं की १६ रँडम बाइट काढतो आणि त्याचे बीआयपी-३९ या ठरलेल्या पद्धतीप्रमाणं बारा शब्द करतो. चावी या शब्दांतूनच निघते. सगळं टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या खोट्या नाण्यांवर आहे, खरा पैसा अजून टाकलेला नाही.

ब्रेडबोर्डवर होतं तोवर दर वेळी नवे शब्द यायचे. मागच्या आठवड्यात झिरो पीसीबीवर डाग देऊन पक्कं केलं आणि तेव्हापासून तेच बारा शब्द. रिसेट मारा, वायर उपटा, तेच. म्हणलं बोर्ड बिघडला, दुसऱ्यावर जोडलं, तर त्याच्यावरही तेच! कोडात एक अक्षर बदललेलं नाही. रँडमसीडला, म्हणजे रँडमची रांग ज्या बियाण्याच्या आकड्यापासून सुरू होते त्याला, पीए-० पिनचं अ‍ॅनालॉगरीड (पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा) दिलंय, सगळ्या व्हिडिओत तसंच सांगतात. बोर्ड डुप्लिकेट आहेत काय?

हिंगोलीकर

फोनात अ‍ॅप टाका ना भाऊ. कशाला उपद्व्याप.

वाळूजचा फर्मवेअरवाला

डुप्लिकेट असतीलही, पण चोर दुसरा आहे. पीए-०ला आता काय जोडलंय?

वायंडिंगवाला, परभणी

ओके बटन. आणि १० किलोओहम ग्राउंडला.

वाळूजचा फर्मवेअरवाला

मग सापडला की. ब्रेडबोर्डवर ती पिन लोंबकळत होती, आसपासच्या विजेची घरघर पकडून काहीबाही आकडा द्यायची. आता दहा किलोओहमनं तुम्ही तिला ग्राउंडला बांधली, ती कायम शून्य वाचणार. बियाणं शून्य म्हणल्यावर रँडमची रांग दर वेळी पहिल्यापासून सुरू, दोन्ही बोर्डांवर तीच. आपल्याकडं बोगस बियाणं उगवत नाही म्हणून बोंब असते, हे दोन्ही रानांत हुबेहूब सारखं उगवलं.

पण पिन बदलून सुटाल असं समजू नका. मला तर ब्रेडबोर्डचा प्रकार जास्त घातकी वाटतो, कारण तो बरोबर चाललाय असं दिसत होतं. अर्डुइनोत अ‍ॅनालॉगरीड सरळ वापरलं तर १० बिटांचं, ० ते १०२३. म्हणजे तुमचं वॉलेट जन्मात फार तर १०२४ प्रकारचे बारा शब्द काढणार. बारा शब्दांमागं १२८ बिट पाहिजेत, तुमच्यामागं दहा. चोराला परभणीला यायचीही गरज नाही. घरी बसून १०२४ वॉलेटं काढायची आणि कुणात शिल्लक दिसते ते बघायचं, चहा गाळेपर्यंत काम होतं. २०२३ मध्ये लिबबिटकॉइनच्या बीएक्स नावाच्या, वॉलेटची चावी काढून देणाऱ्या साधनात हाच रोग निघाला. शब्द लांबलचक, पण मुळात बियाणं ३२ बिटांचं. चारशे कोटींच्या वर शक्यता होत्या, तरी लोकांची वॉलेटं साफ झाली.

एफ-१०३मध्ये हार्डवेअरचा रँडम जनरेटरच नाही. एफ-४०५ किंवा ४०७ घ्या, त्यात आहे. कुणी ईएसपी-३२ सुचवेल. त्याचा जनरेटर वायफाय-ब्लूटूथ बंद असताना खरा रँडम धरू नका असं त्याच्या कंपनीनंच लिहून ठेवलंय, दुसरा स्रोत कोडातून मुद्दाम चालू करावा लागतो. आणि वॉलेट म्हणल्यावर आपण पहिलं काम काय करणार, तर रेडिओ बंद. शिवाय एफ-१०३ला लावलेलं वाचन-कुलूप चुकवून आतली फ्लॅश मेमरी वाचून काढता येते, २०२०मध्ये संशोधकांनी दाखवलंय. बोर्ड हरवला तर चावी गेली समजा.

आता खरी भीती सांगतो. व्यवहारावर चावीनं सही कशानं करताय? मायक्रो-ईसीसी लायब्ररी असेल तर त्याला रँडम फंक्शन आपणच पुरवतो. तिथंही हेच दिलं असेल तर पहिल्या दोन व्यवहारांतच कारभार आटोपला. प्रत्येक सहीला एक गुप्त आकडा लागतो. दोन सह्यांत तोच आला की दहावीच्या एकसामयिक समीकरणांसारखं सोडवायचं, खासगी चावी बाहेर. प्लेस्टेशन-३चं २०१०मध्ये असंच झालं, तिथं दर सहीला एकच आकडा होता. त्याच लायब्ररीत डिटरमिनिस्टिक सहीचं फंक्शन आहे, ते वापरा. आरएफसी ६९७९ या मानकात हेच आहे, आकडा चावी आणि संदेश यांच्यातूनच निघतो, नशिबाचा संबंध नाही.

वायंडिंगवाला, परभणी

बापरे. सहीला पण तेच फंक्शन दिलंय. टेस्टनेट होतं म्हणून वाचलो. मग शब्द कशातून काढू? आणि नांदेडचा मित्र म्हणतो एटीईसीसी-६०८ लाव, सिक्युअर चिप आहे, सगळं तीच करेल.

वाळूजचा फर्मवेअरवाला

सगळं नाही करणार. सहीचं गणित ज्या वक्रावर चालतं तो तिचा पी-२५६, बिटकॉइनचा एसईसीपी-२५६के१. बिटकॉइनची सही तिला करताच येत नाही. चुकलेले पिन-नंबर मोजायला, एखादं गुपित सांभाळायला चांगली आहे, पण सही शेवटी तुमच्या मायक्रोकंट्रोलरलाच करावी लागते.

शब्दांसाठी लुडोचा फासा घ्या. ९९ वेळा टाका, आकडे बटनांनी भरा, त्या ओळीचं एसएचए-२५६ काढा, म्हणजे त्या आकड्यांतून ठरलेल्या हिशेबानं २५६ बिट निघतात. एका फेकीत अडीच बिटांहून थोडं जास्त, ९९मध्ये २५६च्या जवळ, म्हणजे २४ शब्द. बरेच जण चिपचा रँडमही त्यात मिसळतात. मी नाही मिसळत. मग यंत्रानं खरंच माझेच आकडे वापरले का, हे तपासता येत नाही. आधी खोटे आकडे भरा, लॅपटॉपवर तोच हिशेब करा. शब्द जुळले की मग खऱ्या फेकी, आणि तेव्हा लॅपटॉप दुसऱ्या खोलीत.

आणखी एक, स्क्रीनवर पूर्ण पत्ता आणि रक्कम दाखवा, दोन टोकांची चार-चार अक्षरं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत बायबिट एक्सचेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांना वेबपानावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. सही भलत्यावरच झाली.

जालन्याची, पत्रा-वर्कशॉप

कागदावर लिहू नका, आमच्याकडं एका वर्षात वाळवीनं सातबारा खाल्लाय. ३०४ स्टेनलेसचा दीड-दोन एमएमचा तुकडा घ्या आणि अक्षर-पंचानं ठोका. साधा पत्रा गंजतो. प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरं पुरतात, बीआयपी-३९च्या इंग्रजी यादीतल्या २०४८ शब्दांत पहिली चार कुठंच सारखी नाहीत. मराठी यादी नाहीच त्यात. ठोकायला कुणाला देऊ नका, आम्हालाही नाही. पंच सेट विकत घ्या, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये पट्टी अडकवा, नाहीतर अक्षरं वाकडी येतात.

सीए, नांदेड

पाकीट कुठलंही असो, विकताना नफ्यावर ३० टक्के, टीडीएस १ टक्का. तेवढं चुकत नाही.

वायंडिंगवाला, परभणी

अपडेट. एफ-४०५ आला, आरएफसी ६९७९ची सही लावली, खोट्या आकड्यांचे शब्द लॅपटॉपशी जुळले. काल रात्री शटर अर्धं ओढून खऱ्या फेकी घेतल्या. आबा आले. मी काउंटरवर फासा टाकतोय आणि पुढ्यातल्या बिलबुकात आकडे लिहितोय! म्हणाले, दुकानात जुगार मांडलास का रे? समजावून सांगता सांगता ५२ की ५३ ते विसरलो, पहिल्यापासून टाकलं. ९९ झाले, शब्द आले, पट्टीवर ठोकले, आकड्यांचं पान फाडून जाळलं. दोन मित्र दीड हजाराला एकेक मागायलेत, त्यांना तूर्त नाही म्हणलं.

वाळूजचा फर्मवेअरवाला

दुसऱ्यासाठी इतक्यात बनवू नका, बरोबर केलंत. एक विचारू? बिलबुकाला कार्बन असतो ना?

वायंडिंगवाला, परभणी

थांबा बघतो.

आहे की हो. दुसऱ्या प्रतीवर ९९च्या ९९ निळेशार. कार्बनवर पण उमटलेत.

परत टाकायला बसलो. पट्टी पण नवी.