तुरीच्या फुटव्यांना मुळ्याच फुटत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यातला. सहा वर्षं केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करतात तिथे, काम करतोय. केळीचा हात बसलाय. फुटवे वाढले की मीडिया (बाटलीतलं जेलीसारखं खाद्य) बदलायचा, दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्याशुभ्र मुळ्या दिसतात. त्याच भरवशावर तूर हातात घेतली आणि अडकलो.

गेल्या खरिपात आमच्या तुरीत मर लागली. ओळीच्या ओळी वाळल्या, मधलं एकच झाड हिरवंगार राहिलं. वडिलांनी शेंगा तोडल्या, पण झाड उपटू दिलं नाही. रोज बादलीभर पाणी घालतात, आता पुन्हा फुलोरा आलाय. या झाडाची रोपं करायची एवढंच डोक्यात आहे. मालकांनी एक रॅक वापरायला दिला आहे.

आधी सराव म्हणून त्याच झाडाचं बी घेतलं. बाटलीत उगवलेल्या पाच-सहा दिवसांच्या रोपाचा कॉटिलेडनरी नोड, म्हणजे दोन्ही दलं जोडलेली असतात तो सांधा, कापून लावला. एमएस मीडिया (नेहमीचं क्षार-जीवनसत्त्वांचं मिश्रण), साखर ३ टक्के, आगर ०.८ टक्के, पीएच ५.८, बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन) लिटरला २ मिलिग्रॅम. एकेका नोडवर पाच-सहा फुटवे आले, पण सगळे बुटके, झुबक्यासारखे. बुडाशी पिवळसर, टणक कॅलस, म्हणजे पेशींची नुसती गाठ. निम्म्या ताकदीच्या एमएसवर १ मिलिग्रॅम आयबीए (मुळ्या आणणारं हार्मोन) देऊन पाहिलं: ४० फुटव्यांतून फक्त ३ ना मुळ्या, आणि तीही रोपं कोकोपीटमध्ये आठवडाभरात गेली. पानं पिवळी पडून गळतात ते वेगळंच. उन्हाळा लागलाय, वीज गेली की ग्रोथ रूम ३३ अंशांवर जाते.

कुठे चुकतंय? कोणी कडधान्यावर काम केलं असेल तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद, धुळ्याहून

दादा, कडधान्यं बाटलीत हट्टीच असतात, आणि वाणागणिक वागणं बदलतं. तुमच्या हातात दोष नाही.

फुटवे बुटके राहतात ते बीएपीमुळे. झुबका दिसला की बीएपी ०.२ वर आणा, सोबत उंची वाढवणारं जिबरेलिक ॲसिड ०.५ द्या. दीड-दोन इंच झाले की एक फेरी बिनहार्मोनच्या मीडियावर. आत साठलेलं सायटोकायनिन (बीएपी त्याच गटातलं हार्मोन) उतरल्याशिवाय मूळ धरत नाही. मुळांच्या मीडियावर लावताना बुडाचा कॅलस पूर्ण छाटून टाका. कॅलसमधून निघालेलं मूळ फुटव्याच्या नळ्यांशी जुळत नाही, पाणी वर चढत नाही. तुमची तिन्ही रोपं बहुधा त्यामुळेच गेली. पानगळ पाहता बाटलीत इथिलीन, म्हणजे झाडातून निघणारा पानं गळवणारा वायू, कोंडत असावा. घट्ट झाकणं काढून कापसाचे बोळे लावा.

एवढं करूनही मुळं आली नाहीत तर कलम करा. हरभऱ्यात बरेच जण तेच करतात: पाच-सहा दिवसांचं रोप खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) म्हणून घ्यायचं, शेंडा उडवून चीर द्यायची आणि फुटव्याचं बूड पाचरीसारखं तासून बसवायचं.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. बियापासून केलेली रोपं म्हणजे ते झाड नव्हे. तुरीत मधमाश्या परपरागीकरण करतात, त्या बियात शेजारच्या मेलेल्या झाडांचाही अंश असेल. म्हणून कळ्या उमलायच्या आत दोन-चार फांद्यांना मलमलची पिशवी बांधा. तूर स्वतःच्या परागावर शेंगा धरते. ते बी यंदा मर लागलेल्या त्याच जागेत पेरा. झाड खरंच काटक आहे की नुसतं वाचलं, ते तिथेच कळेल. लॅबचं काम त्यासोबत चालू राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, फार उपकार झाले. कॅलसचं कोणी सांगितलंच नव्हतं. केळीत कधी हा प्रश्नच आला नाही. वडिलांना फोन केला, आईची जुनी मलमलची ओढणी फाडून चार फांद्या संध्याकाळीच बांधल्या.

एकच विचारतो: बाटलीत कलम केल्यावर सांधा बांधायला काही वापरता, की नुसत्या पाचरीवर धरतो?