मदत हवी आहे : 'व्हेरी फ्रीझिंग' चुकीचं का?

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. महाबळेश्वरच्या सहलीवर निबंध लिहिताना तिने 'द मॉर्निंग वॉज व्हेरी फ्रीझिंग' असं लिहिलं. बाईंनी 'व्हेरी'वर काट मारून वर 'ॲब्सोल्यूटली' लिहिलं. पुढच्या निबंधात पोरीने जिथे तिथे ॲब्सोल्यूटली घातलं, तर 'ॲब्सोल्यूटली टायर्ड'वरही लाल काट! अगदी रडकुंडीला आली आहे.

मी मराठी माध्यमातली. शोधाशोध करून एवढं कळलं की कोल्ड, टायर्ड, बिग ही विशेषणं कमी-जास्त होतात, म्हणून त्यांना व्हेरी, अ बिट, एक्स्ट्रीमली लागतं. फ्रीझिंग, एक्झॉस्टेड, ह्यूज यांच्या पोटातच 'खूप' आहे, तिथे ॲब्सोल्यूटली. 'रिअली' दोन्हीकडे चालतं.

गाडी अडली आहे 'क्वाइट'पाशी. 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, मग 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य कसं? आणि 'व्हेरी युनिक' परीक्षेत लिहावं का? शनिवारी चाचणी आहे, कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १

ताई, मराठीतून समजावा. 'थोडा काळाकुट्ट' किंवा 'थोडी तुडुंब भरलेली विहीर' आपण म्हणतो का? काळ्याला छटा असतात, काळाकुट्ट म्हणजे टोकच. तिला जोड्या लिहायला लावा: हंग्री-स्टार्व्हिंग, वेट-सोक्ड.

'क्वाइट' पुढचं विशेषण बघून अर्थ बदलतो. गुडला पायऱ्या आहेत, म्हणून तिथे तो 'बऱ्यापैकी'. अशक्याला पायऱ्याच नाहीत, एक तर शक्य, नाहीतर अशक्य. तिथे 'बऱ्यापैकी'ला जागाच उरत नाही, म्हणून 'पूर्णपणे'. हे ब्रिटिश वळण झालं. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' बहुधा 'खूप चांगलं' असतं, त्यामुळे सिनेमे बघून गोंधळ होतो.

युनिक म्हणजे एकमेव. बोलताना लोक 'व्हेरी' लावतात, पण पेपरात टाळलेलं बरं. 'ऑलमोस्ट युनिक' मात्र बिनधास्त लिहू द्या. ऑलमोस्ट, निअर्ली हे टोकाच्या अलीकडे थांबतात.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

मनापासून आभार! आत्ताच तिला 'थोडासा मिट्ट काळोख' म्हणून दाखवलं. खुदकन हसली आणि वहीत स्वतःच लिहिलं: डार्कला व्हेरी, पिच-डार्कला ॲब्सोल्यूटली. आता 'फेअरली' आणि 'रादर' कुठे कुठलं, तेही सांगाल का?